पाच नंबरचा खटका

माझा हात अक्कांच्या अंबाड्यात होता आणि अर्धी गल्ली आमच्या दारात जमली होती. तेवढ्यात आमचे हे मागून आले आणि त्यांनी मला ओढून बाजूला केलं. "सोड वैजयंता, थोरल्या आहेत त्या," म्हणाले. मी हात सोडला आणि तोंड सोडलं. एरवी अक्कांना अहो-जाहो करणारी मी, त्या दिवशी सगळं विसरले. म्हटलं, दोनशे ऐंशी जीव मारलेस, तुझं कधी भलं व्हायचं नाही. अक्का भिंतीला टेकून केस सावरत होत्या. "मी हात लावला नाही," एवढंच म्हणत होत्या, तेही हळू. मला ते हळू बोलणंसुद्धा चोराचं वाटलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कमल. विट्यात सासऱ्यांनी बांधलेलं घर दोघा भावांनी मधोमध वाटून घेतलं होतं. डावीकडे थोरले भाऊजी आणि अक्का, उजवीकडे आम्ही. भाऊजी एसटीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. पुढची ओसरी दोघांत एक, आणि विजेचा बोर्डही एकच. तो अक्कांच्या दाराशेजारी भिंतीवर. बोर्डात सहा काळे खटके, प्रत्येकाखाली ह्यांच्या गोल अक्षरातली कागदाची पट्टी. तीन नंबरला 'अक्का फ्रिज', पाच नंबरला 'मशीन'.

मशीन म्हणजे माझी अंडी उबवायची पेटी. खरं तर ती ह्यांची. लोडशेडिंग थांबलं त्या वर्षी ह्यांनी प्लायवूडची पेटी केली, आत चार बल्ब, एक पंखा, उष्णता राखणारं एक डबीएवढं यंत्रबिंत्र, सगळं स्वतः जोडलं. हात चांगला होता ह्यांचा, खोटं कशाला बोलू. पण धीर नव्हता. तासातासाला दार उघडून बघायचे. तीनदा अंडी भरली, तीन खेपांत मिळून सात पिल्लं निघाली. गल्लीनं नाव ठेवलं, 'दिनकर ऑम्लेटवाला'. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, आज कांदा घालून की बिनकांद्याचं? हे हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

पेटी भंगारात निघाली होती. मी म्हटलं, एकदा मला भरू द्या. मी काही मोठं केलं नाही. आत पाण्याची परात ठेवली, दिवसातून तीनदा अंडी फिरवली, अठराव्या दिवसानंतर दार म्हणून उघडलं नाही. एकविसाव्या दिवशी पेटीतून जो चिवचिवाट सुरू झाला, तो मला आजही कानात ऐकू येतो. दोनशे ऐंशीतली दोनशे एक्केचाळीस. गावरान पिल्लं, हातोहात गेली. मग गल्लीतल्या बायका आपापली अंडी आणून द्यायला लागल्या. दहा हिच्या, वीस तिच्या, अंड्यावर कोळशानं खूण. माहेरून आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या नावानं हाक मारत होतं. लोक म्हणायचे, पेटी केली दिनकरनं, पण उबवली वैजयंतानं.

आणि मग आषाढात एक खेप गेली. मी लग्नाला गेले होते, संध्याकाळी आले तर पेटी गार. बोर्डावर पाच नंबरचा खटका खाली. हे म्हणाले, लोड आला असेल, आपोआप पडतं ते. आत पंखा बंद, दार बंद, आठ-दहा दिवसांची अंडी असती तर कदाचित निभावलं असतं. पण ही बाहेर यायला टेकलेली. घुसमटून गेली. श्रावणात पुन्हा तेच. पुन्हा मी बाहेर, पुन्हा पाच नंबर खाली. आणि त्याच्या आदल्याच दिवशी मी अक्कांना बोर्डापाशी हात वर करून उभं राहिलेलं बघितलं होतं. जाळी काढत होत्या म्हणे. पिल्लांच्या वासानं जेवण जात नाही, असं त्या दोनदा बोललेल्या. मला आणखी काय पुरावा लागत होता? तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी अंबाडा धरला.

भांडण संपल्यावर हे परसात गेले, कुदळ घेतली आणि म्हणाले, "मी खड्डा काढतो. तू बघू नकोस, तुला सोसायचं नाही." मला तेव्हा वाटलं, नवरा असावा तर असा.

गेलेल्या अंड्यांची भरपाईही बायका मागायला आल्या नाहीत, ते जास्त लागलं. हौसाबाई फक्त म्हणाली, "जाऊ दे, तुझ्या पेटीला कुणाची तरी दृष्ट लागलीय." मी ह्यांना सांगितलं, आणखी एकदा भरते. तिसऱ्यांदा गेलं तर पेटी भंगारात देईन आणि पुन्हा ह्या वाटेला जाणार नाही. हे म्हणाले, बघ बाई तुझं तू.

भरायला मुहूर्त मिळाला तो पितृपंधरवड्यात. बायका म्हणाल्या, आत्ता कुठं नवीन काम काढतेस. म्हटलं, अंड्याला पंचांग कळत नाही. घरोघर हिंडून, हातापाया पडून, दोनशे बहात्तर अंडी जमवली.

त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणून बाबालालभाई वायरमन आले. मुल्लांच्या आळीतले, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, ह्या घराची सगळी वायरिंग त्यांच्याच हातची. त्यांनी बोर्ड बघितला आणि दोन नंबरकडे बोट केलं. "हे बघा वहिनी, मोटर अडकली, लोड वाढला, म्हणून ह्यानं स्वतःला पाडून घेतलं."

मी बघितलं. दोन नंबरचा खटका वरही नव्हता आणि खालीही नव्हता. मधेच लटकला होता.

"हा असा मधे का?"

"ह्या बनावटीचा आपोआप पडला की मधेच राहतो. पुन्हा चालू करायचा तर आधी पुरता खाली दाबायचा, मग वर." त्यांनी तसं करून दाखवलं. आधी सरळ वर ढकलून बघितला, तो राहीना. मग खाली दाबला, वर केला, खट् करून बसला.

मी म्हटलं, भाऊ, हे सगळं मला एकदा नीट समजावून सांगा. त्यांना नवल वाटलं, पण सांगितलं. मेन बंद करून झाकण काढलं आणि आतल्या वायरी दाखवल्या. पाटाच्या पाण्याला जशी वाफ्यावाफ्याची दारं असतात, तसे हे खटके. एक फ्रिजचा, एक मोटरीचा, एक तुमच्या मशीनचा. प्रत्येकाच्या वायरीला किती सोसतं ते ठरलेलं, त्यापेक्षा जास्त ओढलं की खटका पडतो. बल्बला नाही, घराला नाही, वायरीला वाचवायला असतो तो.

मी विचारलं, माझा सारखा पडतो, मोठा बसवू का? त्यांनी कानाला हात लावला. "सोळा अँपिअरच्या जागी बत्तीसचा घातला तर पडणार नाही, बरोबर. पण भिंतीतली वायर जळेल, आणि ती जळताना कुणाला दिसणार नाही." मग त्यांनी माझ्या पेटीचे बल्ब मोजले, पंखा बघितला आणि मान हलवली. "एवढ्याशा लोडनं सोळाचा खटका पडत नाही. पडला तेव्हा कसा होता? मधे, का पुरता खाली?"

मला दोन्ही वेळचं डोळ्यासमोर आलं. पुरता खाली. दोन्ही वेळा.

"मग तो पडला नाही, वहिनी," बाबालालभाई झाकण लावत म्हणाले. "कुणीतरी पाडलाय."

मला माहीतच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर अंगात बळ आलं. मी फक्त विचारलं, तीन आणि पाच एकाच मापाचे आहेत का? म्हणाले, दोन्ही सोळाचे, वायरही एकच. बास. मला तेवढंच पाहिजे होतं.

अक्का दसऱ्याला श्रीखंडाच्या ऑर्डरी घ्यायच्या. नवमीला त्यांच्या फ्रिजमध्ये वीस किलो चक्का ठासून भरलेला असायचा, आणि दसऱ्याला विट्यातल्या चांगल्या चांगल्या घरांतून डबे यायचे. वर्षभराचं नाव होतं ते त्यांचं. माझं नाव तिनं घालवलं, आता तिचं जाऊ दे. आणि मी काही करणार नव्हते, ही त्यातली गंमत. जे करायचं ते तिनं तिच्या हातानं करायचं होतं.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा. कुदळ, शिलाई मशीन, भाऊजींचा पाना, सगळं धुऊन पुसून मांडायचं. बोर्डाचीही पूजा आमच्यात असायची. मी सकाळीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बोर्ड पुसायचाय, दहा मिनिटं मेन बंद करते. अक्का आत चक्का घोटत होत्या. मी मेन खाली केला, टेस्टर लावून तीन-तीनदा खात्री केली, झाकण काढलं. तीन नंबरची वायर सोडवून पाचला बसवली, पाचची तीनला, स्क्रू आवळले. झाकण लावलं, मेन वर केला. पाच खाली करून बघितला तर अक्कांच्या फ्रिजची घरघर थांबली. पटकन वर केला. पट्ट्या जिथल्या तिथं. आता 'मशीन' लिहिलेल्या खटक्यावर अक्कांचा फ्रिज होता आणि 'अक्का फ्रिज'वर माझी पेटी.

मग मी सहाही खटक्यांच्या टोकाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूची माळ घातली आणि मनापासून हात जोडले. देवा, तिला सुबुद्धी देऊ नको, एवढंच मागितलं.

अक्का ओसरीत आल्या तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, उद्या मी भाळवणीला भावाकडे सोनं द्यायला जाणार, सकाळी जाईन ते संध्याकाळीच येईन. श्रावणापासून आमचं बोलणं नव्हतंच.

संध्याकाळी जेवताना मला राहवेना. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची आणि सांगायचं कुणाला? माणूस आपल्याच माणसाला सांगतो. मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"अक्कांच्या फ्रिजला? वीस किलो चक्का आहे त्यात."

"असू दे. हात लावला तरच नासेल."

ह्यांनी तो घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मशीन आता तीन नंबरवर?"

"तीन नंबरवर."

"बरं," म्हणाले. "तू जा उद्या निवांत. मी आहे घरी."

ह्यांनी नंबर नीट विचारून घेतला, तर मला बरंच वाटलं. म्हटलं, काळजी आहे माणसाला.

दसऱ्याला मी भाळवणीला गेले खरी, पण जीव इकडे. भावजय पुरणपोळी वाढतेय आणि मी मनात अक्कांची धावपळ बघतेय. आंबलेलं श्रीखंड, दारात आलेले लोक, रिकामे परत जाणारे डबे. काय काय बोलायचं ते मी एसटीत बसून पाठ केलं. एवढं चांगलं शिव्यांचं भांडवल मी आयुष्यात कधी गोळा केलं नव्हतं.

सहाला घरी आले. ओसरी सारवलेली, दाराला तोरण. आधी पेटीपाशी गेले. वरून हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. पेटी गार होती. बल्ब बंद, पंखा बंद. एकोणिसावा दिवस.

मी धावत बोर्डापाशी आले. पाच नंबर वर होता. त्याच्या टोकाचं कुंकू जसंच्या तसं, कालचं, वाळलेलं. तीन नंबर खाली होता. मधे नाही, पुरता खाली. आणि त्याच्यावरचं कुंकू पुसलेलं.

मी आधी तो वर केला. मग तिथंच उभी राहिले. आतून अक्कांच्या फ्रिजची घरघर येत होती. 'अक्का फ्रिज' लिहिलेला खटका अक्का कशाला खाली करतील? आणि तीन नंबरवर पेटी आहे हे ह्या जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक मी.

पाठ केलेल्या शिव्या आता कुणाला द्यायच्या? एवढे दिवस मी साप म्हणून भुई धोपटत होते, आणि साप ताटाला ताट लावून जेवत होता.

खटक्याचा आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. हातात वाटी. "आलीस? भांडण भांडणाच्या जागी. सणाचं गोड नाकारू नये." वाटीत श्रीखंड होतं, केशर घातलेलं, घट्ट. मी वाटी घेतली आणि मला रडूही येईना.

तेवढ्यात हे सीमोल्लंघन करून आले. नवा सदरा, कपाळाला टिळा, हातात आपट्याची पानं. मला बघून पान पुढं केलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा."

मी पान घेतलं. म्हटलं, "तीन नंबर पडला होता."

"लोड आला असेल."

"लोडनं पडला तर मधे लटकतो. बाबालालभाईंनी दाखवलंय मला."

हे बोर्डाकडे बघेनात. अक्कांकडे बघेनात.

"तीन नंबर मी कुणाकुणाला सांगितला होता?" मी विचारलं.

मग हे खाली बसले, पायरीवर, नव्या सदऱ्यानिशी. "मी केलेली पेटी," म्हणाले. "मला ऑम्लेटवाला म्हणतात, आणि तुला..."

"आणि अक्का?" मी म्हटलं. "मी भर गल्लीत त्यांच्या केसाला हात घातला तेव्हा तुम्हीच मला मागं ओढलंत. तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाहीत?"

ह्यांनी मान खाली घातली. अक्का माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "त्या दिवशी उपटलेले केस अजून आले नाहीत बघ." मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी उठवलं नाही लगेच. थोडा वेळ पडू दिलं, आणि ते बरोबरच होतं.

उठवलं तेव्हा म्हणाल्या, "पेटी इकडे आण. माझ्या आतल्या खोलीत. बघू कोण हात लावतो."

चौथ्या दिवसापर्यंत वाट बघितली. दोनशे बहात्तरातली नऊ पिल्लं निघाली. ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, खड्डा काढू? म्हटलं, काढा. आणि ह्या वेळी मी बघणार आहे. एकेक अंडं हातात घ्या, मोठ्यानं मोजा, कुणाची खूण आहे ते वाचा आणि मग ठेवा. दोनशे त्रेसष्ट होईपर्यंत मी परसात चटईवर बसून होते. ऐंशीच्या पुढं ह्यांचा आवाज जायला लागला. म्हटलं, ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणा.

अक्कांनी गल्लीत सांगितलं की वायरीचा घोटाळा होता, बाबालालभाईंनी काढला. घरची अब्रू राखली बाईनं, जिला मी शिव्या घातल्या होत्या तिनं. हौसाबाईनं परत अंडी दिली. पेटी गेली अक्कांच्या आतल्या खोलीत. आज तशा पाच पेट्या आहेत तिथं, आणि दारावर पाटी आहे, 'कमल-वैजयंता, गावरान पिल्लं मिळतील'.

आणि पाच नंबर? बाबालालभाईंना बोलावून मी अक्कांचा फ्रिज सहावर घेतला आणि पाचवर एकच गोष्ट ठेवून घेतली. ह्यांची खोली. पंखा, दिवा, टीव्ही, सगळं. बाबालालभाईंनी विचारलं, 'मशीन'ची पट्टी बदलू का? म्हटलं, राहू द्या, चांगलं अक्षर आहे.

तेव्हापासून दर दसऱ्याला, खटक्यांना आदल्या दिवशीचं कुंकू असतं, आणि सकाळी नऊला मी ओसरीत येऊन पाच नंबर खाली करते. संध्याकाळी सहाला वर करते. किती तास ती पिल्लं आत घुसमटली, तेवढे तास. ऑक्टोबरचा उकाडा, दार लावून घेतलेली खोली. पहिल्या वर्षी हे बाहेर आले, बोर्डाकडे बघितलं, 'मशीन' वाचलं आणि परत आत गेले. खटका वर करायला हात उचलला नाही. कधीच विचारलं नाही की का, आणि मी कधी सांगितलं नाही. बाकी वर्षभर मी त्यांना वेळेवर जेवायला वाढते, दुखलं खुपलं बघते. लोक म्हणतात, जोडा छान आहे. अक्का एकदा म्हणाल्या, "बास कर की आता, म्हातारा झाला तो." म्हटलं, तुमचे केस आले का?

बारा वर्षं झाली. ह्या दसऱ्याला मी तापानं फणफणले होते. उठायचं म्हटलं तर डोळ्यापुढं अंधारी. घड्याळात नऊ वाजले ते मी पडल्या पडल्या बघितले. सव्वानऊ झाले. जाऊ दे एक वर्ष, असं मनात आलं, आणि मला माझाच राग आला.

तेवढ्यात ओसरीत पावलं वाजली. सावकाश, एक पाय ओढत. हल्ली ह्यांचा गुडघा दुखतो. पावलं बोर्डापाशी थांबली. मग आवाज आला, खट्. शेजारच्या खोलीतला पंखा फिरत फिरत हळू झाला आणि थांबला.

हे माझ्या दारात येऊन उभे राहिले. अंगठ्याला कुंकू लागलं होतं, ते सदऱ्याला पुसत होते.

मी म्हटलं, "सहाला वर करा."

"हो," म्हणाले.

मी कुशीवर वळले.